प्लेटो, चातुर्वर्ण्य आणि लाल-निळी पेन्सिल

फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावर सिद्धार्थ कॉलेज आहे. आम्ही अंबरनाथकर लोकलने सीएसएमटीला उतरलो की पायीच तिथे पोहोचतो. या कॉलेजच्या संग्रहात ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ या इंग्रजी पुस्तकाची एक जुनी प्रत जपून ठेवलेली आहे. लेखक जॉन ड्यूई, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. पुस्तक अमेरिकेत १९१६ साली निघालं. ही प्रत पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एका पंचविशीतल्या विद्यार्थ्याच्या हाती आली. त्याने तीवर सही केली आणि आतल्या पानांवर लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. सही बी. आर. आंबेडकर यांची आहे.

पुस्तकात रेघा मारणारे वाचक पुष्कळ असतात. पण या रेघांखालचे विचार पुढे कुठे कुठे गेले, हे शोधायला लागलं की माणूस थक्क होतो. अमेरिकेतल्या शाळा कशा असाव्यात, हे सांगण्यासाठी लिहिलेली वाक्यं तीन वर्षांत मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या मताधिकाराच्या निवेदनात आली. वीस वर्षांत ती ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आली. टेक्सस विद्यापीठातले अभ्यासक स्कॉट स्ट्राउड यांनी या प्रतीतल्या खुणा बारकाईने तपासल्या आणि २०२३ साली त्यावर एक मोठा ग्रंथच लिहिला. मला त्या खुणांपेक्षाही त्यांच्यामागच्या वाचनाचं अप्रूप वाटतं. एखाद्या तत्त्वज्ञाचं पुस्तक त्याला स्वप्नातही दिसलं नसेल अशा ठिकाणी वाचक घेऊन जातो, आणि तिथे ते जास्तच खरं ठरतं.

ड्यूई आधी कोण होते ते पाहू. जन्म १८५९, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात. शिकागोत असताना त्यांनी १८९६ साली एक प्रयोगशाळा उघडली. तिथे तपासायची होती ती माणसाची शिकण्याची रीत, म्हणून ती प्रयोगशाळा म्हणजे एक शाळाच होती. तिथली मुलं सुतारकाम करत, स्वयंपाक करत, सूत कातत. एकदा एका गटासमोर कापूस आणि लोकर ठेवली. मुलं अर्धा तास बोंडातून सरकी काढत बसली आणि हाती आला एक औंससुद्धा नाही इतका कापूस. सरकी सोडवण्याची कटकट किती, हे बोटांनाच कळलं. त्या मुलांच्या पूर्वजांच्या अंगावर सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का होते, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. यंत्र, व्यापार आणि इतिहास, सगळं त्या चिमूटभर कापसातून बाहेर आलं. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या वाचकाला या प्रयोगाची गंमत जास्त कळेल.

१९०४ साली ड्यूई कोलंबियात आले. भीमराव आंबेडकर तिथे पोहोचले १९१३च्या जुलैमध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र; त्याचेच २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे फक्त ५. त्या पाचांत ड्यूईंचे वर्ग होते. वर्गात ड्यूई काही गाजणारे वक्ते नव्हते. त्याच काळातले त्यांचे एक विद्यार्थी अर्विन एडमन यांनी लिहून ठेवलंय, की ड्यूई चुरगळलेले पिवळे कागद हातात चाळत, खिडकीबाहेर पाहत, अडखळत बोलत. कंटाळा यायचा. पण टिपणं घरी नेऊन वाचली की लक्षात यायचं, आपल्यासमोर एक माणूस खरोखरच विचार करत होता. बाबासाहेबांच्या मनावर ही लकब इतकी ठसली होती, की तीस वर्षांनंतरही ते ड्यूईंच्या वर्गातल्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करून दाखवत, अशी आठवण त्यांच्या पत्नी माईसाहेब आंबेडकर यांनी सांगितली आहे.

१९१७च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब मुंबईला परतले. त्यांचं सामान वेगळ्या बोटीने निघालं होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं, आणि ती बोट टॉर्पेडोने बुडाली. न्यूयॉर्कला पोट मारून जमवलेल्या पुस्तकांचीही पुढे बरीच पांगापांग झाली. या सगळ्या धकाधकीतून ड्यूईंच्या पुस्तकाची ही प्रत टिकली.

आता मुद्द्यावर येऊ, म्हणजे प्लेटोवर.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये प्लेटोने ‘रिपब्लिक’ लिहिलं. आदर्श राज्य कसं असावं, याचा विचार. त्याचं म्हणणं असं : माणसाच्या मनात तीन शक्ती असतात, वासना, शौर्य आणि विवेक. काहींत वासना प्रबळ. त्यांनी शेती, कारागिरी, व्यापार करावा. काहींत शौर्य, त्यांनी लढावं. मोजक्या लोकांत विवेक. त्यांनी राज्य करावं. प्रत्येकाने आपापल्या जागी आपापलं काम केलं की राज्यात न्याय नांदतो. शिक्षणाचं काम एवढंच, कोण कोणत्या वर्गातला ते हेरायचं आणि त्याला तिथे बसवायचं. आणि प्लेटोचा एक विशेष मान्य केलाच पाहिजे : माणसाची जागा जन्मावरून नाही, गुणांवरून ठरावी असं तो म्हणतो. कारागिराच्या पोटी सोन्याचा गुण निपजला तर त्याला वर घ्या, हे त्याला मान्य आहे.

ड्यूई पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात प्लेटोला हात घालतात, आणि सुरुवात करतात कौतुकाने. ज्याला जे उत्तम जमतं ते त्याने करावं आणि त्याचा समाजाला उपयोग व्हावा, ही गोष्ट प्लेटोइतकी स्पष्ट कोणी पाहिली नाही, असं ते मोकळेपणाने सांगतात. मग ते नेमक्या जागी बोट ठेवतात. प्लेटोला प्रत्येक माणसाचं एकमेवपण दिसलंच नाही. माणसांच्या अंगच्या शक्ती अगणित असतात, त्यांची मिश्रणं तर त्याहून अगणित. त्या तीन वर्गांत मावत नाहीत. आणि कोणात काय आहे ते आधी कळतच नाही. संधी मिळाली, परिस्थिती बदलली, माणूस नव्या कामाला भिडला, की मगच ते उमगतं. ज्या राज्याला बदलाचीच धास्ती आहे, त्या राज्याला आपल्या माणसांत काय दडलंय हे कधी कळायचंच नाही. वरवर गुणांची कदर करणारी ही व्यवस्था मुळात गुण उगवायच्या आतच त्यांची वाटणी करून मोकळी होते.

इथपर्यंत हा शिक्षणशास्त्रातला युक्तिवाद आहे. अमेरिकेतला एखादा शिक्षक तो वाचेल, मान हलवेल, आणि आपल्या वर्गातल्या ढ समजल्या गेलेल्या मुलाकडे थोडं अधिक लक्ष देईल. हेही चांगलंच. पण आंबेडकरांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल?

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं. भाषणाचा मसुदा वाचून मंडळ बिचकलं आणि अधिवेशनच रद्द झालं. बाबासाहेबांनी भाषण त्याच वर्षी मे महिन्यात स्वखर्चाने छापलं. तेच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. मंडळातली मंडळी आर्यसमाजी वळणाची. जन्मावरची जात वाईट हे त्यांना मान्य होतं. त्यांचा तोडगा असा, की चार हजार जाती मोडा आणि गुणकर्मावर आधारलेलं मूळ चातुर्वर्ण्य परत आणा. ऐकायला किती सोज्वळ वाटतं! जन्म नाही, गुण. तेव्हाच्या कित्येक सुधारकांची धाव इथवरच होती.

बाबासाहेबांनी उत्तर देताना प्लेटोला साक्षीला बोलावलं आणि ड्यूईंच्या युक्तिवादाने त्याची उलटतपासणी केली. तुमचे चार वर्ण आणि प्लेटोचे तीन वर्ग, चूक एकच. माणसं चार कप्प्यांत मावत नाहीत. कप्पे गुणांवरून ठरवले म्हणून ते कप्पे असायचे थांबत नाहीत. एका पाश्चात्त्य तत्त्वज्ञाच्या पुस्तकातला, दुसऱ्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञावरचा आक्षेप, आणि तो जाऊन लागला पुरुषसूक्ताच्या परंपरेतल्या व्यवस्थेच्या वर्मी! ड्यूईंनी लिहिताना चातुर्वर्ण्याचा विचार केलेला नाही. त्या पानातून तिकडे जाणारी वाट वाचकाने पाडली. मी ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून अनेकदा वाचली आहेत, आणि दर वेळी त्या झेपेने भारावून जातो.

दुसरा धागा आणखी जुना आहे. ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’च्या सुरुवातीलाच ड्यूई विचारतात, समाज कशाने बनतो? माणसं जवळ जवळ राहिली म्हणून बनत नाही. ध्येयं, श्रद्धा, आकांक्षा, ज्ञान यांत वाटेकरी व्हावं लागतं, आणि त्यासाठी आपसांत देवाणघेवाण चालू असावी लागते. लोकशाहीला ते राज्यकारभाराच्या प्रकारापेक्षा बरंच मोठं मानतात. एकत्र जगण्याची, एकमेकांचे अनुभव वाटून घेण्याची ती एक रीत आहे. ही देवाणघेवाण दाखवायला त्यांनी जीवशास्त्रातली एक क्रिया उसनी घेतली : परासरण. शाळेत आपण सर्वांनीच केलाय तो प्रयोग. बेदाणा पाण्यात टाकला की काही तासांत टरारून फुगतो. मधे साल असते, तरी पाणी आत शिरतं. समाजातल्या गटांमधली साल अशीच झिरपू देणारी हवी. ती बंद झाली की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं, आणि इथे ड्यूईंची नजर फार तीक्ष्ण आहे. खालच्यांचं नुकसान उघड दिसतं. वरच्यांचंही तितकंच होतं, फक्त दिसत नाही : त्यांची संस्कृती वांझ होते, स्वतःलाच चघळत बसते.

२७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हाच विचार मांडला. कोणाला मताधिकार द्यावा, प्रतिनिधी कसे निवडावेत, हे ठरवणारी ती समिती. बाबासाहेब सत्तावीस वर्षांचे, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. प्रश्न रोकडा होता : स्पृश्य हिंदूने अस्पृश्यांचं प्रतिनिधित्व केलं तर बिघडलं काय? उत्तर ड्यूईंच्या पायावर उभं राहिलं. ज्यांचं जगणं कधी एकमेकांत मिसळलंच नाही, त्यांचे अनुभव सामाईक नाहीत. आणि जिथे अनुभव सामाईक नाहीत तिथे एक दुसऱ्याच्या वतीने कसा बोलणार? म्हणून अस्पृश्यांना त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी हवेत. शाळेविषयीचा विचार मतपेटीपर्यंत पोहोचला. सतरा वर्षांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच परासरण आदर्श समाजाचं लक्षण म्हणून पुन्हा आलं, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांतल्या बंधुतेचा अर्थ उलगडताना.

तिसरी गोष्ट सांगायला मला आमच्या गावातल्या देवळात यावं लागेल.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं. शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणीचं नाव आहे. गाभारा खोल, पायऱ्या उतरून आत जावं लागतं. शिखराचा वरचा भाग ढासळला आहे, तरी जे उरलंय त्यावरून भूमिज शैली ओळखू येते : खालून वर निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत एकावर एक रचलेली छोटी छोटी शिखरं, प्रत्येक थरात आधीच्यापेक्षा जराशी लहान. हे लहान होत जाणं नजरेने जमत नाही. त्याला हिशेब लागतो, भूमिती लागते, दगडाच्या वजनाची समज लागते. ज्यांनी हा हिशेब केला त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या कामाला आपण कारागिरी म्हणतो. ज्ञान म्हणायला जीभ सहज वळत नाही.

ती का वळत नाही, याचं उत्तर ड्यूई एकोणिसाव्या प्रकरणात देतात, आणि ते देताना अख्ख्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा पाया उकरून दाखवतात. अथेन्समध्ये राबायचे ते गुलाम आणि कारागीर. विचार करायला सवड होती ती नागरिकांना. अॅरिस्टॉटलने याच वास्तवाला सिद्धान्ताचं रूप दिलं : हातांनी करायचं ते हलकं, बुद्धीने जाणायचं ते उच्च. पुढे दोन हजार वर्षं पाश्चात्त्य तत्त्वज्ञान मन आणि शरीर, विचार आणि कृती, ज्ञान आणि काम अशा जोड्या लावून भांडत राहिलं. आपण शुद्ध विचार करतोय असं त्या तत्त्वज्ञांना वाटत होतं. ड्यूई म्हणतात, तुमच्या विचारातली ही फाळणी समाजातल्या फाळणीतून आली आहे. शिकागोत मुलांच्या हाती सरकीचा कापूस देण्यामागे एवढा मोठा वाद होता.

अंबरनाथ हे हाताच्या कामावर वाढलेलं गाव. एकेकाळी स्वीडिश मालकीची असलेली विम्को ही काडेपेट्यांची कंपनी, ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, मग एमआयडीसी. लेथवर काम करणाऱ्या माणसाला सूत, दोन सूत म्हणजे काय ते बोटाला कळतं. पण घरी तो मुलाला सांगतो, शीक, नाहीतर माझ्यासारखं मशीनवर उभं राहावं लागेल. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्यातलं दुःख जाणवेनासं झालं होतं. ड्यूईंनी ते पुन्हा जाणवून दिलं. आणि आंबेडकरांनी त्याला इथलं नाव दिलं. जातीचे समर्थक म्हणत, ही तर श्रमविभागणी, ती सगळीकडेच असते. बाबासाहेबांनी दाखवलं की इथे काम वाटलेलं नाही, काम करणारी माणसंच वाटलेली आहेत, आणि तीही एकावर एक रचून. मग काही कामांनाच विटाळ चिकटतो आणि करणाऱ्याचं मन आणि बुद्धी त्या कामात उतरतच नाहीत.

ड्यूई आणि जेम्स टफ्ट्स यांच्या ‘एथिक्स’ या १९०८च्या पुस्तकातला नियम आणि तत्त्व यांमधला भेदही बाबासाहेबांनी असाच उचलला. नियम सांगतो, अमुक कर. तत्त्व सांगतं, कसं पारखायचं ते. करायचं काय ते तुझं तू ठरव, आणि त्याची जबाबदारीही तुझी. धर्म तत्त्वांचा असावा, नियमांचा नको, हा त्यांचा आग्रह इथून बळ घेतो.

याचा अर्थ ते ड्यूईंचे भाष्यकार होते असा नाही. ड्यूईंचा भरवसा संवादावर, प्रयोगावर, सावकाश होणाऱ्या शिक्षणावर. पण समोरच्याने बोलायलाच नकार दिला तर? २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. ही परिस्थिती ड्यूईंच्या पुस्तकात नाही. बाबासाहेबांना कायदा लागला, राखीव जागा लागल्या, राज्यघटना लागली. धर्माबाबत तर वाटाच वेगळ्या झाल्या. ‘अ कॉमन फेथ’ या १९३४च्या पुस्तकात ड्यूई संघटित धर्माशिवायच्या धार्मिक वृत्तीची बाजू घेतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखोंसह बुद्धाच्या धम्माचा स्वीकार केला. माझ्या मते शिष्य म्हणून ते इथेच सर्वांत मोठे दिसतात. गुरूंनी पारखायला शिकवलं, आणि त्यांनी गुरूंनाही पारखलं.

मात्र ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेने येतो. १९५२च्या जूनमध्ये कोलंबियाची सन्माननीय पदवी घ्यायला ते न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा ड्यूईंना भेटायचं मनात होतं. १ जूनला ब्याण्णव वर्षांचे ड्यूई वारले. बाबासाहेब तेव्हा प्रवासात होते. माईसाहेबांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि आपलं सारं बौद्धिक आयुष्य या माणसाचं देणं आहे, असं लिहिलं.

हे सगळं स्वतः पडताळून पाहायचं असेल तर अवघड नाही. ड्यूईंचं पुस्तक आता स्वामित्वहक्काबाहेर आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं. सव्वीस प्रकरणं आहेत आणि भाषा रुक्ष आहे. पहिल्यापासून सुरू करून हार मानण्यापेक्षा थेट सातवं उघडावं, मग पहिलं, मग एकोणिसावं. शेजारी महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेला, वसंत मून यांनी संपादित केलेला बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड ठेवावा. साउथबरो समितीपुढचं निवेदन आणि ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ दोन्ही त्यातच आहेत.

प्लेटोचं प्रकरण संपवून चातुर्वर्ण्यावरच्या पानांवर आलात की ड्यूई कुठे संपतात आणि आंबेडकर कुठे सुरू होतात, ते शोधा. मला ती हद्द एका प्रश्नापाशी सापडते. चातुर्वर्ण्यात बायकांचं काय, असं बाबासाहेब विचारतात. त्यांचेही गुणांवरून चार वर्ण करणार, की नवऱ्याचा वर्ण तोच बायकोचा? नवऱ्याचाच धरला, तर गुणांचं तत्त्व तिथेच मोडलं. आणि तत्त्व पाळायचं, तर बायका पुरोहित झालेल्या, सैनिक झालेल्या चालतील का? हा प्रश्न ड्यूईंच्या त्या पानावर नाही.